‘मिळणार’ आणि ‘मिळायला हवं’

मार्चमधल्या एका सोमवारी पहाटे, अमेरिकेत अजून रविवारची संध्याकाळ असताना, आपल्याकडच्या काही घरांत टीव्ही लागतो आणि थोड्या वेळाने त्या टीव्हीशी भांडण सुरू होतं. कोणाला तरी ऑस्कर मिळालेलं असतं आणि ते त्याला मिळायला नको होतं, असं सोफ्यावरच्या माणसाचं ठाम मत असतं. तो उशी आपटतो, ‘काय अक्कल आहे की नाही यांना’ असं परक्यांना मराठीत सुनावतो आणि चहा गार करून टाकतो. घरातलं शहाणं माणूस मग ठेवणीतला प्रश्न विचारतं: त्या लोकांनी आपसात बक्षिसं वाटून घेतली, त्यात तुझं काय गेलं? प्रश्न बिनतोड वाटतो. भांडणारा वरमतो आणि ‘नाही, सहज बघत होतो’ म्हणून आवाज कमी करतो. त्याने वरमायचं काहीच कारण नाही, असं मला वाटतं. साडेतीन तासांच्या त्या सोहळ्यात सिनेमाविषयी काही खरं बोललं जात असेल, तर ते मंचावर क्वचितच बोललं जातं. ते बोलतो हा चिडलेला प्रेक्षक.

शहाण्या माणसाचा पहिला मुद्दा असा की हे पुरस्कार म्हणजे धंद्याने स्वतःची केलेली जाहिरात आहे. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, इतकंच नव्हे तर त्यात भर घालतो. 1927 साली ऑस्कर देणारी ॲकॅडमी निघाली ती एमजीएम स्टुडिओचे प्रमुख लुई मेयर यांच्या डोक्यातून. स्टुडिओतल्या कामगारांच्या आणि कलावंतांच्या संघटना उभ्या राहण्याआधीच मालकांच्या सोयीची एखादी संस्था असावी, हा त्यामागचा हिशेब होता. पुरस्कारांची कल्पना नंतर चिकटली. 16 मे 1929 ला हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात पहिला समारंभ झाला. जेवण झाल्यावर पुरस्कार वाटून झाले ते सुमारे पंधरा मिनिटांत. आश्चर्याचा धक्का वगैरे कोणाला बसला नाही, कारण निकाल तीन महिने आधीच जाहीर झालेले होते. पुढे काही वर्षं वर्तमानपत्रांना निकाल आगाऊ द्यायचे आणि त्यांनी ते रात्रीपर्यंत छापायचे नाहीत, अशी पद्धत पडली. 1940 साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ती मोडली, समारंभाला निघालेल्या पाहुण्यांना विजेत्यांची नावं संध्याकाळच्या अंकातच वाचायला मिळाली. म्हणून 1941 पासून बंद पाकीट आलं. म्हणजे उशी आपटण्याचा तो क्षणसुद्धा एका वर्तमानपत्राच्या आगाऊपणातून जन्मलेला आहे. एवढं सगळं कबूल. पण यावरून ‘म्हणून भांडू नये’ हे कसं निघतं? आपले दिवाळी अंक जाहिरातींवर चालतात हे कोणाला ठाऊक नाही? तरी त्यातली कथा भिकार निघाली तर आपण सराफाच्या जाहिरातीकडे बोट दाखवून गप्प बसत नाही. जत्रा कोणी भरवली हा एक प्रश्न आणि कुस्ती निकाली झाली की नाही हा दुसरा.

इथे मराठीतली दोन साधी क्रियापदं उपयोगी पडतात. पुरस्कारांबद्दल बोलताना माणसं दोन प्रकारची वाक्यं बोलतात: ‘याला मिळणार’ आणि ‘याला मिळायला हवं’. पहिलं वाक्य हवामानखात्याचं आहे. दिग्दर्शकांच्या संघटनेने कोणाला निवडलं, निर्मात्यांच्या संघटनेने कोणाला, कोणत्या स्टुडिओने प्रचारावर किती पैसा ओतला, हे मांडून ते वर्तवता येतं. त्यासाठी सिनेमा पाहावाच लागतो असं नाही. हल्ली सोहळ्याआधी जे लिहिलं-बोललं जातं त्यातलं बहुतेक याच जातीचं असतं. दुसऱ्या वाक्याची गोष्ट वेगळी. ‘मिळायला हवं’ म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, का? आणि मग अभिनेत्याने एका प्रसंगात आवाज न चढवता काय केलं, संकलकाने दृश्य कुठे तोडलं, शेवट कसा गुंडाळला, हे सांगावं लागतं. समीक्षेचं बी हेच. ‘मिळणार’ चुकलं तर फक्त पैज हरते. ‘मिळायला हवं’ निकालाने चूक ठरतही नाही आणि बरोबरही ठरत नाही.

हे नुसतं शब्दांचं खेळणं नाही, याचा पुरावा 26 फेब्रुवारी 2017 च्या रात्री सगळ्या जगाने पाहिला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार जाहीर करायला वॉरन बेटी आणि फे डनवे आले. बेटींनी पाकीट उघडलं, कार्ड वाचलं, पुन्हा पाकिटात बोटं घालून आणखी काही आहे का ते चाचपलं आणि गोंधळून कार्ड डनवेंपुढे धरलं. त्यांनी त्यावरचं सिनेमाचं नाव वाचून टाकलं: ‘ला ला लँड’. हातातलं कार्ड होतं एमा स्टोनच्या अभिनयाच्या पुरस्काराचं. प्रत्येक पाकिटाचे दोन संच मंचाच्या दोन बाजूंना असतात, त्यातलं आधीच्या पुरस्काराचं उरलेलं पाकीट यांच्या हाती गेलं. शिवाय कोणता पुरस्कार हे कार्डावर लिहिलेलं होतं ते अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. (लग्नपत्रिकेत स्थळ-वेळ शोधणाऱ्या मराठी माणसाला बेटींची अवस्था तात्काळ समजावी.) ‘ला ला लँड’च्या निर्मात्यांची आभाराची भाषणं चालू असताना मागे हेडफोनवाले लोक फिरू लागले आणि दोनेक मिनिटांनी निर्माते जॉर्डन होरोविट्झ यांनी खरं कार्ड कॅमेऱ्यापुढे धरलं. विजेता होता ‘मूनलाइट’. आता त्या दोन मिनिटांचा विचार करा. ‘मूनलाइट’लाच मिळायला हवं होतं असं मानून कोणी टीव्हीपुढे चडफडत असेल, तर त्याचं मत त्या दोन मिनिटांत खोटं होतं आणि कार्ड बदलताच खरं झालं, असं म्हणायचं का? कार्ड बदललं, ट्रॉफी या हातातून त्या हातात गेली, पण दोन्ही सिनेमे जसे होते तसेच राहिले आणि त्यांच्याबद्दलची कारणंही तशीच राहिली. ‘शेवटी निकाल लागला, आता बोलून काय उपयोग’ म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही.

दुसरा आक्षेप जरा वरच्या पट्टीतला असतो: कलेची तुलनाच होऊ शकत नाही, पाच नट पाच वेगळ्या भूमिका करतात, त्यांत पहिला नंबर कसला? ऐकायला उदात्त वाटतं, पण हे म्हणणारे स्वतः रोज तुलना करतात. शनिवारी संध्याकाळी एका सिनेमाचं तिकीट काढून दुसरा सोडला, तिथे तुलना झाली. आंबट होते ती तुलना नुसत्या क्रमांकापाशी थांबली की. 1942 साली ‘सिटिझन केन’ला नऊ नामांकनं होती आणि हाती लागलं ते पटकथेचं एकच ऑस्कर; सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला जॉन फोर्डचा ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’. आज फोर्डचा तो देखणा, हळवा सिनेमा ‘केनला हरवणारा’ म्हणून शिव्या खातो, आणि हा त्याच्यावर अन्यायच आहे. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर एकाच वर्षी हॉलिवूडला कॅमेऱ्याकडून काय काय करवून घेता येत होतं ते लख्ख दिसतं, आणि शेजारी ठेवायची बुद्धी झाली ती त्या ‘चुकीच्या’ निकालामुळे. हिचकॉकला दिग्दर्शनाचं नामांकन पाचदा मिळालं, ऑस्कर एकदाही नाही. ‘व्हर्टिगो’ची तर चित्रपट किंवा दिग्दर्शन या विभागांत दखलही नव्हती, त्याच ‘व्हर्टिगो’ला 2012 मध्ये ‘साइट अँड साउंड’च्या कौलात समीक्षकांनी सर्वकाळातला पहिला सिनेमा ठरवलं. मधली चोपन्न वर्षं कोणीतरी ‘हवं होतं’ म्हणत राहिलं म्हणूनच हे झालं.

आणि चिडलेल्या प्रेक्षकाचं निदान पुष्कळदा त्याला वाटतं त्याहून अचूक असतं. ‘कोणालाच फार न आवडलेला, सगळ्यांना बरा वाटलेला सिनेमा जिंकला’ ही नेहमीची कुरकुर घ्या. बाकीच्या विभागांत सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र 2009 सालच्या चित्रपटांपासून पसंतीक्रम द्यायची पद्धत आहे. कोणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंत्या नसतील तर तळाचा सिनेमा बाद होतो, त्याची मतं त्या-त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात आणि कोणीतरी निम्म्यापलीकडे जाईपर्यंत हे चालतं. आपल्या विधानपरिषदेच्या निवडणुकांमुळे दुसऱ्या पसंतीच्या मतांचं माहात्म्य महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही. काहींना वेड लावणारा आणि उरलेल्यांना न सोसणारा सिनेमा या पद्धतीत मागे पडू शकतो. बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला पुढे सरकतो. सोफ्यावरून जे ओरडून सांगितलं जातं, ते मतमोजणीच्या नियमांतच लिहिलेलं आहे.

तिसरा आक्षेप: या ओरड्याने होतं काय? पाण्यावरचे बुडबुडे. इथे इतिहास आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने नाही. 2009 साली ‘द डार्क नाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन नाही म्हणून एवढा गदारोळ झाला की काही महिन्यांत ॲकॅडमीने नामांकनांची संख्या पाचाची दहा केली, तो एक सिनेमा हेच एकमेव कारण नसेल, पण त्याचं नाव घेतल्याशिवाय हा बदल कोणी सांगत नाही. जानेवारी 2015 मध्ये नामांकनं जाहीर झाली तेव्हा अभिनयाच्या वीसही जागी गोरे चेहरे होते. ते टीव्हीवर पाहून एप्रिल रेन या कृष्णवर्णीय वकील बाईंनी ‘ऑस्कर्स सो व्हाइट’ अशी तीन शब्दांची चिडचिड समाजमाध्यमावर टाकली. पुढच्या वर्षी पुन्हा वीसच्या वीस गोरेच निघाले, आणि जानेवारी 2016 मध्ये ॲकॅडमीला स्त्रियांची आणि अल्पसंख्य समाजांतल्या सभासदांची संख्या 2020 पर्यंत दुप्पट करण्याचं जाहीर करावं लागलं. एका प्रेक्षक बाईंची प्रतिक्रिया होती ती, मतदानाचा हक्क नसलेल्या. 2019 मध्ये छायालेखन, संकलन, रंगभूषा आणि लघुपट हे चार पुरस्कार जाहिरातींच्या वेळात उरकायचं ठरलं होतं. चार दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. तिथे मोठा रेटा दिग्दर्शक-छायालेखकांचा होता हे खरं. पण 2022 मध्ये संकलन आणि पार्श्वसंगीतासह आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाआधीच देऊन टाकले, तेव्हा घरी बसलेले लोकसुद्धा म्हणाले की संकलन कापलेला सोहळा हे सिनेमाच्या नावाने केलेलं भलतंच काहीतरी आहे. पुढच्या वर्षी सगळे 23 विभाग पुन्हा थेट आले.

राहिला आपल्याकडचा खास प्रश्न: अमेरिकेतल्या पंचायतीशी आपल्याला काय करायचंय? संबंध नाही असं म्हणणं जरा कठीण आहे. भारतातलं पहिलं ऑस्कर 1983 साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी मिळालं ते कोल्हापूरच्या भानू अथैया यांना. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी सिनेमे भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तिकडे गेले. पण खरी अडचण संबंध नसण्याची नाही, तो फक्त एवढाच असण्याची आहे. आपला प्रेक्षक एरवी पेंगतो आणि यादीत भारतीय नाव आलं की ताडकन उठून बसतो. 2023 मध्ये ‘नाटू नाटू’ जिंकलं तेव्हाचा आनंद खोटा नव्हता, मात्र तो क्रिकेटचा आनंद होता. त्या विभागातली उरलेली चार गाणी किती जणांनी ऐकली होती? त्यापेक्षा 2024 मधलं भांडण मला मोलाचं वाटतं. कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेला पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ बाजूला ठेवून भारताने ‘लापता लेडीज’ पाठवला, तेव्हा लोक दोन्ही सिनेमांवर बोलले. मुंबईच्या चाळीतून हुसकावली जाणारी छाया कदम यांची पार्वती अधिक खरी की घूंघटामुळे अदलाबदल झालेल्या नवऱ्या, यावर घराघरांत तावातावाने चर्चा झाली. दोन्ही बाजूंना भारतच होता, त्यामुळे झेंडा मधे आला नाही आणि सिनेमावर बोलावंच लागलं.

चार गाण्यांचा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांनी उलट माझ्यावर फेकला, तर तो मला लागतो. चिडणाऱ्याने सगळे सिनेमे पाहिलेले नसतात, मग त्याच्या ‘मिळायला हवं’ला आधार काय? हा त्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा आहे आणि तो टोलवता येत नाही. फक्त तो सोफ्यापाशी थांबत नाही. एखाद्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय त्या विभागात अंतिम मत देता येणार नाही, हा नियम ॲकॅडमीने केला एप्रिल 2025 मध्ये, म्हणजे पहिल्या समारंभाला शहाण्णव वर्षं होत आली तेव्हा. सिनेमा थिएटरात किंवा महोत्सवात पाहिला असेल तर सभासदाने तसा फॉर्म भरून द्यायचा आहे. इतकी वर्षं मतदार न पाहता मत देत होते की काय, ही शंका त्या नियमानेच अधिकृत केली. सोफ्यावरच्या माणसाकडून असा फॉर्म कोणी मागत नाही. पण सोमवारी सकाळी घरातल्या शहाण्या माणसाने ‘तुझं काय गेलं’च्या ऐवजी ‘पाचांतले किती पाहिलेस?’ एवढं विचारावं. उत्तर ‘तीन’ असेल तर तीनच सांगावं, आणि त्या तिघांवरून बेलाशक भांडावं.