नाव बदलले, आकड्यांचे काय?

औरंगाबाद जिल्ह्याचे नामांतर सप्टेंबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे झाले. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. परंतु जुन्या-नव्या आकड्यांची सांगड घालू पाहणाऱ्या अभ्यासकाची अडचण त्या गदारोळात मागेच राहिली.

पैठण रस्त्यावरील चितेगावचेच उदाहरण घ्यावे. शेतीकडून कारखानदारीकडे वळलेल्या या गावाचा पन्नास वर्षांचा आलेख काढावयाचा, तर जुने तक्ते एका जिल्ह्याच्या नावाखाली शोधावे लागतात, नवे दुसऱ्या. शिवाय नाशिक जिल्ह्यातही एक चितेगाव आहेच.

अर्थात नाव बदलणे ही त्यातली सोपी अडचण होय. नाव तेच राहून मुलूख बदलला, तर फसगत मोठी. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्या वर्षीची जनगणना मात्र त्यापूर्वीच उरकली होती. त्यामुळे १९८१ चे सुमारे २४ लाख आणि १९९१ चे सुमारे २२ लाख हे आकडे शेजारी मांडणाऱ्यास औरंगाबादची लोकसंख्या घटल्याचा साक्षात्कार होईल! दोन्ही आकडे खरे, निष्कर्ष तेवढा खोटा.

२०११ च्या जनगणनेने प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिला. नामांतराने त्याला धक्का लागत नाही. गावाला जे मिळाले ते गावाविषयीच्या आकडेसंचालाही मिळावयास हवे. विद्वत्जगतात डीओआय या कायम क्रमांकाने ही सोय होते. आकडेसंचांसाठी ती व्यवस्था पाहणारी डेटासाईट ही संस्था २००९ मध्ये स्थापन झाली. संच दुसरीकडे हलविला तरी क्रमांक तोच राहतो, नोंदीतील पत्ता तेवढा बदलावयाचा. दुरुस्त आवृत्तीला वेगळा क्रमांक देता येतो. म्हणून निष्कर्ष कोणत्या आवृत्तीवर उभा आहे हे तपासता येते आणि संच कोणी वापरला याचा मागही काढता येतो. आपल्याकडील कित्येक प्रबंध मात्र ‘आधार : जनगणना’ एवढ्यावरच भागवितात, आणि परीक्षकही ते चालवून घेतात.

क्रमांक म्हणजे जादू नव्हे. पत्ता अद्ययावत ठेवणारा माणूस नेमला नाही, तर क्रमांक कायम आणि माल बेपत्ता, अशी गत व्हावयाची. त्यासाठी पगार मंजूर करावा लागतो, आणि घोडे तेथेच पेंड खाते.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून जाहीर झालेल्या जनगणनेत दारोदार फिरण्याचे काम मुख्यतः शिक्षकांकडेच येणार. त्यांच्या पायपिटीतून तयार होणारा प्रत्येक तक्ता कायम क्रमांकासह व सीमाबदलाच्या टिपेसह प्रसिद्ध करण्याचा निर्णय, तक्ते छापून झाल्यावर नव्हे, त्याआधीच घ्यावा लागेल.