बैलाच्या कानातला बिल्ला आणि देवमाशाच्या पाठीवरचा टॅग

आसामात गंगेच्या डॉल्फिनला टॅग लावल्याची बातमी मी आमच्या ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत एका मित्राचं उत्तर आलं, "गुरुजी, इथं बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा उपयोग कळंना, अन् तुम्ही चालले माशाला टॅग लावायला!"

हसू आलं. पण प्रश्न खोटा नाही. आमचं साखरा हिंगोली जिल्ह्यात. समुद्र बघायचा तर रात्रभर एसटीत बसावं लागतं. मग आपल्याला काय त्याचं?

आधी एक दुरुस्ती. डॉल्फिन आणि देवमासा हे मासे नाहीत. पिल्लाला दूध पाजणारे, हवेत श्वास घेणारे प्राणी आहेत. टॅगचं सगळं गणित यावरच चालतं. रेडिओ लहरी पाण्यातून फार लांब जात नाहीत. म्हणून प्राणी खाली असताना टॅग गप्प राहून खोली आणि वेळ नोंदवत राहतो. प्राणी श्वास घ्यायला वर आला की तेवढ्यात उपग्रहाला निरोप धाडतो. गंगेचा डॉल्फिन एका वेळी 5 ते 30 सेकंदच वर येतो. तेवढ्यात काम उरकावं लागतं. डिसेंबर 2024 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थानानं हे आपल्या देशात पहिल्यांदा करून दाखवलं.

अशाच टॅगमुळं कळलं की कॅलिफोर्नियाजवळच्या एका चोचवाल्या देवमाशानं 2,992 मीटर खोल बुडी मारली. म्हणजे जवळपास दोन कळसूबाई! बोटीवर बसून हे कुणाला दिसलं असतं?

आता आपल्या गावाकडं या. 2019 चा वाघ आठवतो का? यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघाला, तेलंगणात जाऊन आला, आपल्या हिंगोली जिल्ह्यातून गेला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत थांबला. तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. त्याच्या गळ्यातला पट्टा याच संस्थेनं बसवलेला. त्या पट्ट्यानं सिद्ध केलं की आपली शेतं, ओढे, नाले ही वाघाची वाट आहे. पण आमच्या रानात तूर उभी होती तेव्हा आमच्यापर्यंत काय पोहोचलं? व्हॉट्सअॅपवरच्या अफवा आणि भलत्याच ठिकाणचे व्हिडिओ. रात्री पाणी द्यायला जाताना जीव मुठीत धरून जायचो.

माझा मुद्दा इथंच आहे. टॅगवरचा खर्च वाया जात नाही. वाया जाते ती फायलीत पडून राहिलेली माहिती.

समुद्राकडं बघा. 2017 मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर लुबान नावाच्या हंपबॅक देवमाशाच्या मादीला टॅग लावला. ती अरबी समुद्र ओलांडून थेट केरळजवळ आली. ओमानच्या बाजूला हे देवमासे शंभरही उरले नसावेत असा अंदाज आहे. ते आपल्या दारापर्यंत येतात, हे आपल्याला दुसऱ्यांच्या टॅगनं सांगितलं. आणि आपल्याकडं? नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. लोकांनी, अधिकाऱ्यांनी जिवाचं रान केलं, समुद्रात परत नेलं. तरी ते वाचलं नाही.

आपल्याला जमत नाही असंही नाही. 2022 मध्ये कोकणात पाच कासविणींना उपग्रह टॅग लावले. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेपर्यंत गेली. कासवाला जमलं, तर डॉल्फिन आणि देवमाशाचाही विचार व्हावा. मात्र घाई नको. देवमाशाचा टॅग चरबीत रुततो, जखम होते. म्हणून मोजक्याच जनावरांना, जाणत्या माणसांच्या हातून आणि नेमका प्रश्न ठरवूनच लावावा. फोटोसाठी नको.

कोळी बांधवांचंही ऐका. जाळं कापून डॉल्फिन किंवा कासव सोडलं तर आपलं सरकार 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. चांगलंच आहे. पण हे प्राणी कोणत्या महिन्यात, किती खोलीवर, कुठल्या पट्ट्यात असतात हे आधी कळलं तर जाळंही वाचेल आणि जीवही. रोही अन् रानडुकरानं पीक खाल्ल्यावर पंचनाम्याची वाट बघणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझी मागणी साधी आहे. टॅग लावताना माहिती कुणाला, किती दिवसांत आणि कोणत्या भाषेत द्यायची हे आधी ठरवा. नेमकी जागा जाहीर करू नका, शिकारीही वाचतात. पण किनाऱ्यावरच्या माणसाला, रानातल्या माणसाला वेळेवर मराठीत इशारा द्या. टॅग बंद पडला तर तेही लपवू नका. दोन पानांत सांगा काय कळलं, काय चुकलं.

मित्रा, बिल्ल्यावर फक्त बारा आकडे असतात, तो बोलत नाही. टॅग बोलतो. तो बोललेलं आपल्यापर्यंत पोहोचत नसेल, तर दोघांत फरक काय राहिला?

पटलं तर बोला. नाही पटलं तर जरूर बोला.