टॅबची हजेरी



आमच्या सातवीच्या मुलांनी संगणकावर अहिल्यानगर जिल्ह्याच्या सहलीचं एक वेब पान तयार केलं. भुईकोट किल्ला, चांदबिबीचा महाल, नेवासा, भंडारदरा. नावावर टिचकी मारली की माहिती हजर! वर्गातल्या एका मुलाचा हात थरथरतो, त्याला माउस धरवत नाही. त्यानं टॅब कळ दाबली. एकदा, दोनदा, तीनदा. पडद्यावर काहीच दिसेना. "बाई, मी आता कुठं आहे?" त्यानं विचारलं.

काय झालं होतं? अहो, टॅब म्हणजे वर्गातली हजेरी! पानावरचे दुवे, बटणं, लिहायचे रकाने यांची नावं ती एकेक करून पुकारते. ज्याचं नाव आलं, त्याच्याभोवती चौकट उमटते. त्याच्यावर 'फोकस' आला म्हणायचं. मग एंटर दाबलं की तो दुवा उघडतो. मुलांना ती चौकट बेंगरूळ वाटली. पानाचं रंगरूप सीएसएस नावाच्या सूचनांनी ठरतं. तिथं त्यांनी 'आउटलाइन: नन' लिहून चौकट पुसून टाकली. हजेरी चालूच होती, पण नाव पुकारल्यावर कुणी उभंच राहत नव्हतं!

आणखी गंमत ऐका. 'डिस्प्ले: नन' लिहिलं, तर दुवा दिसत नाही आणि हजेरीतही येत नाही. पण 'ऑपॅसिटी: ०' लिहिलं, तर तो दिसत नाही, तरी पटावर राहतो! 'ऑर्डर' लिहून दुव्याची जागा बदलली, तरी टॅब मूळ एचटीएमएलमधल्या क्रमानंच जाते. बाक बदलला म्हणून हजेरी क्रमांक बदलतो का?

मग उपाय? चौकट पुसू नका, सजवा. 'फोकस-व्हिजिबल' या खुणेखाली तिचा रंग नि जाडी लिहा. कळफलकानं फिरताना ती ठळक दिसते. माउसनं बटण दाबलं, तर सहसा दिसत नाही. फोकस कुठं आहे ते दिसलंच पाहिजे, असं वेब पानं सर्वांना वापरता यावीत म्हणून २००८ साली ठरलेले जागतिक निकषही सांगतात.

मुलांनी जाड केशरी चौकट दिली. त्या मुलानं चार वेळा टॅब दाबली, मग एंटर, आणि तो थेट भंडारदऱ्याला पोचला!

आज तुम्ही एक करा. माउस बाजूला ठेवा आणि आवडतं पान फक्त टॅबनं फिरून पाहा. मागं यायला शिफ्ट धरून टॅब दाबा. वाट सापडते का?

तुमच्या बाई