ऑपरेशनची तयारी सौंसरलाच होऊ द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
पांढुर्णा (मध्य प्रदेश)

महोदय,



आमच्या रामाकोन्यात कुणाचे ऑपरेशन ठरले की पहिला प्रश्न येतो, ‘नागपूरले का छिंदवाड्याले?’ आणि बहुतेक वेळा उत्तर नागपूरच असते. रस्ता तिकडचा, नातेवाईक तिकडचे, भाषा तिकडची. १९५६ पर्यंत तर नागपूर आमची राजधानीच होती. १९४७ साली निघालेले तिथले मेडिकल कॉलेज तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचे, म्हणजे आमच्याही वाटणीचे. १ नोव्हेंबर १९५६ ला सीमा आखली गेली, राजधानी भोपाळला गेली. आमच्या आजाऱ्यांनी मात्र वाट बदलली नाही. आजही गाडी सौंसर, सावनेर करत नागपुरातच शिरते.

ऑपरेशन तिकडे होते याबद्दल माझी तक्रार नाही. मोठे सर्जन, भूलतज्ज्ञ, आयसीयू हे सगळे सौंसरसारख्या तालुक्याच्या गावी उद्या उभे राहणार नाही, आणि तसे आश्वासन मागण्याचे वय माझे उरले नाही. माझे म्हणणे ऑपरेशनच्या आधीच्या पंधरा दिवसांबद्दल आहे. हे पंधरा दिवस रुग्ण आपल्या जिल्ह्यात, स्वतःच्या घरी असतो आणि कुणाच्याच खात्यात नसतो. नागपूरच्या डॉक्टरांनी तारीख देऊन पाठवलेले असते. सौंसरच्या दवाखान्यात त्याचे नाव नसते, कारण केस ‘बाहेरची’. मग तयारी काय करायची हे शेजारी सांगतात.

ते काय सांगतात, हे आपल्याला माहीत असावे. आधी पैसे गोळा करा. पऱ्हाटीची वेचणी उरकू द्या, संत्र्याचा सौदा होऊ द्या, मग तारीख घ्या. उन्हाळ्यात टाके पिकतात, तेव्हा हिवाळ्यातच करा. जामसावळीच्या हनुमानाला जाऊन या. यातल्या कशालाही मी हसणार नाही. चार माणसांचा खर्च, गाईचे दूध काढणारे कुणी, ओलिताची पाळी, हे सगळे बघितल्याशिवाय शेतकऱ्याला खाटेवर पडता येत नाही. आणि जामसावळीला जाऊन आलेला माणूस निदान धीर तरी घेऊन येतो. पण शरीराची तयारी म्हणून जी गोष्ट असते, ती या यादीत नसते.

उपाशी राहण्याचेच घ्या. ओळखीतल्या एका काकूंचे पित्ताशयाचे ऑपरेशन होते. दवाखान्याचे नाव लिहीत नाही, कारण असे कुठेही घडते. ‘सकाळी काही खायचे नाही’ एवढेच सांगितले होते. पहाटे पाचला त्यांच्या जावेने थर्मासमधून अर्धा कप चहा आणि एक टोस्ट दिला. ‘चहानं काय होते? जेवन थोडीच हाय!’ आठ वाजता सिस्टरने विचारले, काकूंनी खरे सांगितले, आणि त्या दिवसाच्या यादीतून नाव गेले. पुढची तारीख दोन दिवसांनी. तोवर घरची माणसे व्हरांड्यात चादर टाकून. सगळ्यांनी जावेला बोल लावला. मला तिचा काही दोष दिसत नाही. भुलीत पोटातले वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते, दुधाचा चहा पोटात अन्नासारखाच राहतो, आणि त्याने जीवही जाऊ शकतो, हे तिला कुणी बसून सांगितलेच नव्हते. नुसत्या ‘नको’ला आपल्याकडे कोण मानतो?

उलटही होते. ‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’ हा जुना हुकूम इतका पक्का बसला आहे की दुपारी दोनचा नंबर असलेला म्हातारा मे महिन्यात चौदा तास कोरडा राहतो. आज भूलशास्त्रातला सर्वसाधारण नियम असा : हलके अन्न सहा तास आधीपर्यंत, तेलकट-तुपकट असेल तर आठ तास, आणि नुसते पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. तान्ह्या बाळाला आईचे दूध चार तास आधीपर्यंत. काही रुग्णांना वेगळे वेळापत्रक लागते, ते भूलतज्ज्ञाने ठरवावे. पण ठरवून, वेळ घालून, कागदावर लिहून द्यावे.

कोरडे राहण्याची गोष्ट आमच्या भागात जास्त गंभीर आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच. विदर्भात आणि आपल्या छिंदवाडा-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे. गोंड वस्त्यांत आहे, इतर समाजांतही आहे. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी वाजली, प्राणवायू कमी पडला की सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. उपाशी पोट, थंडगार ऑपरेशन थिएटर आणि भूल : तिन्ही एकाच सकाळी. हे आधी माहीत असले तर डॉक्टर सलाईन लवकर सुरू करतात, रुग्णाला उबदार ठेवतात, रक्ताची सोय करून ठेवतात. माहीत नसले तर साधे हर्नियाचे ऑपरेशन अंगावर येऊ शकते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले ते आपल्याच राज्यात, शहडोलला. तपासणी होते, कार्डही मिळते. ते कार्ड मग घरच्या पेटीत लग्नाच्या पत्रिकांखाली जाते. नागपूरच्या फाइलला ते लागत नाही, कारण ‘घेऊन या’ असे कुणी म्हटलेले नसते. पुष्कळांची तर तपासणीच झालेली नसते.

दुसरी आमची खास गोष्ट म्हणजे खर्रा. गुटख्यावर बंदी घालण्यात आपले राज्य देशात पहिले, एप्रिल २०१२. पण खर्रा कारखान्यात होतच नाही. टपरीवर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून घोटून देतात, तिथे बंदी पोचत नाही. वर्षानुवर्षे खाल्ला की गालाची आतली कातडी आवळते, तोंड उघडणे कमी होते. खाणाऱ्याला ते तिखट लागण्यापलीकडे जाणवत नाही. भूलतज्ज्ञ मात्र सांगतो, ‘आ करा’, आणि वरच्या-खालच्या दातांत तीन बोटे उभी जातात का बघतो. दोनच गेली तर त्याच्या कपाळावर आठी येते, कारण श्वासाची नळी घशात घालायची ती याच वाटेने. त्यासाठी वेगळी दुर्बीण, वेगळी पद्धत लागते, आणि ती हाताशी आहे का हे टेबलावर नव्हे, आधी कळायला हवे. तीन बोटांची ही तपासणी सौंसरला पाच मिनिटांत होते. महिनाभर आधी झाली तर ‘आजपासून खर्रा आणि बिडी बंद’ हे सांगायलाही वेळ मिळतो. फुप्फुसाला आणि जखमेला त्याचा फायदा होतो.

बारीकसारीक आणखी पुष्कळ आहे. आमच्याकडे आदल्या दिवशी न्हाव्याकडून पोट भादरून घेतात, दवाखान्याचे काम हलके व्हावे म्हणून. वस्तऱ्याच्या ओरखड्यांतून जंतू शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले की केस काढू नयेत, काढायचेच असतील तर क्लिपरने, वस्तरा नको. साबणाची आंघोळ मात्र करावी. नखांची पॉलिश काढावी, बोटाला लावायच्या यंत्राला अडचण होते. डोरलं आणि जोडवे काढायचे म्हटले की बाईचा चेहरा उतरतो. हे घरीच, सासूसमोर, आधी बोलून ठेवलेले बरे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या : कोणती थांबवायची आणि कोणती त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, हे प्रत्येकाचे वेगळे, डॉक्टरांनीच ठरवायचे. बैदूची पुडी चालू असेल तर तीही सांगायची. लोक लपवतात.

आता सहीबद्दल. समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की रुग्णाला समजेल अशा रीतीने, पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती तीच संमती. एका गोष्टीसाठी दिलेली परवानगी दुसऱ्या ऑपरेशनला चालत नाही, जिवावर बेतले असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडची पन्नाशीतली बाई घरात मराठी बोलते, शाळेत हिंदी शिकली, आणि तिच्यासमोर इंग्रजी फॉर्म येतो. अंगठा किंवा सही, खाली नवऱ्याची सही, झाले. हा फॉर्म चार दिवस आधी, तिला कळेल अशा बोलीत, आपल्याच गावच्या आशाताईंनी वाचून दाखवला तर काय बिघडेल? प्रश्न तिला घरीच सुचतात, स्ट्रेचरवर सुचत नाहीत.

आयुष्मान कार्डाचेही तेच. सावनेरच्या माणसाला महाराष्ट्राची महात्मा फुले योजना आहे, आम्हाला ती नाही. आयुष्मानचे पाच लाख मात्र राज्याबाहेरही चालतात, फक्त दवाखाना यादीत हवा. पण राज्याच्या ‘समग्र’ नोंदीत नाव ग्यानेश्वर, आधारवर ज्ञानेश्वर आणि मधे वडिलांचे नाव, काउंटरवरचा पोरगा म्हणतो, जुळत नाही. ही दुरुस्ती नागपुरात होत नाही, आपल्याच कार्यालयात होते. तेव्हा ती भरती व्हायच्या आधी व्हावी.

महोदय, यासाठी नवी इमारत लागत नाही. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस एक खिडकी हवी, जिथे ‘बाहेर’ ऑपरेशन ठरलेला माणूस कागद घेऊन जाईल. हिमोग्लोबिन, शुगर, रक्तगट, सिकलसेल, बीपी, तीन बोटांची तपासणी, कार्डावरचे नाव. शिवाय मोठ्या अक्षरातला एक मराठी-हिंदी कागद, ज्यात उपासाची वेळ पेनाने भरलेली असेल. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांना आपल्या सहीचे पत्र गेले की हा कागद त्यांच्या फाइलला लागेल. ते आपल्या तपासण्या पुन्हा करतीलच, करू द्या. थिएटरमध्येही ते रुग्णाचे नाव आणि ऑपरेशनची जागा पुन्हा विचारतातच. हे प्रश्न ज्यात आहेत ती जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी दिल्लीसह आठ शहरांतल्या दवाखान्यांत वापरून पाहिली तेव्हा मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका कागदाने इतके होते.

पैशाचे विचाराल तर रोगी कल्याण समिती ही कल्पनाच आपल्या राज्याची. १९९४ च्या सुमारास इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलची दशा बघून तिथल्या कलेक्टरांनी पुढाकार घेतला, तिथून ती देशभर गेली. त्या समितीच्या निधीतून दोन हजार कागद छापणे अवघड नाही.

सौंसरच्या समितीची पुढची बैठक होईल तेव्हा हा विषय पत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. वेचणी संपत आली की आमच्याकडच्या तारखा सुरू होतात. खिडकी त्याआधी उघडली तर यंदाच्याच लोकांना तिचा उपयोग होईल.

आपला नम्र,
रामाकोना येथील एक रहिवासी