मासे मोजू नका, तोला!

चकली-अनारशांच्या ताटाशेजारी बसून उपाशी माशांचे रडगाणे गावे, हे दिवाळीच्या रीतीला धरून नाही, हे मला कळते. पण तळ्याकाठी गळ टाकून बसणे हे माझे व्यसन आणि वर्गात पोरांना शिकवणे हा माझा धंदा. दोन्हीकडे एकच चूक डोळ्यांदेखत घडत असता गप्प राहणे मास्तराला जमत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या तळ्यात मत्स्यबीज सोडण्याचा समारंभ झाला. नारळ फुटला, हार पडले, फोटो निघाले. आणि किती हजार बोटुकली पाण्यात सोडली, तो आकडा टाळ्यांच्या गजरात जाहीर झाला. मी भाबडेपणाने विचारले, "तळ्यात आधी जे मासे आहेत, ते वजनाला किती भरतात, हे कुणी पाहिले काय?" मंडळी हसली. एक पाहुणे म्हणाले, "मासे वाढले तर गुरुजींच्या पोटात का दुखते?"

दुखते, महाराज! कारण त्याच आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका भोयाच्या मुलाने बापाच्या जाळ्यातली चिलापी मला आणून दाखवली होती. डोके मोठे, पोट खपाटीला गेलेले, पाठ सुरीच्या धारेसारखी. "गुरुजी, बाजारात ह्याला कुणी विचारीना," तो म्हणाला. पाटी मासळीने भरलेली आणि खिसा रिकामा, अशी त्या घराची दिवाळी!

पाण्यात घाण गेली, रोग पडला, असे म्हणून आपण मोकळे होतो. कित्येक ठिकाणी ते खरेही असते. पण आमच्या तळ्यातले दुखणे निराळे आहे, आणि त्याचे नाव भूक. आफ्रिकेतली ही चिलापी 1952 साली आपल्या देशात आणली गेली. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिले जपते, आणि दोनतीन महिन्यांची झाली की पुन्हा आई होते. खाणारी तोंडे वाढतात, शेवाळ तेवढेच राहते. मग वितीएवढी वाढायची ती चार बोटांवरच खुंटते. हा धोका ओळखून 1959 साली तिच्या प्रसारावर बंदीही घातली गेली. आज मत्स्यशेती करणारा जाणता शेतकरी तळ्यात नुसते नर सोडतो, ते उगाच नव्हे.

पूर्वी आमच्या तळ्यात मरळ होती. ती लहान माशांवर जगे, आणि तिच्या धाकाने तळ्यातली गर्दी आटोक्यात राही. पण मरळीला भाव चांगला. म्हणून आम्ही ती शेवटच्या पिलापर्यंत उपसून विकली. मास्तर काढून टाकला आणि वर्गाला शिस्त का नाही म्हणून विचारीत बसलो!

ही अडाण्याची कल्पना समजू नका. अमेरिकेत बास नावाचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा आहे. गळ टाकणारे त्याच्यामागे वेडे असतात. अलाबामातील ऑबर्न येथे स्विंगल नावाच्या संशोधकाने तळीच्या तळी तपासून 1950 साली दाखवून दिले, की बास आणि त्याचे भक्ष्य असलेला ब्लूगिल यांचा तोल बिघडला की तळे बिघडते. बास कमी पडले की ब्लूगिल बेसुमार वाढून खुरटतात. बास फार झाले की तेच वाळतात. पुढे 1972 पासून रे स्कॉट यांनी, पकडलेला बास जिवंत सोडावा, ही चाल स्पर्धांतून रुजवली. मोठ्या जलाशयांत ती भली ठरली. पण लहान तळ्याचा मालक जेव्हा प्रत्येक बास दयेने परत सोडतो, तेव्हा काही वर्षांनी त्याच्या गळाला नुसती डोकी लागतात. तिथले जाणकार त्याला स्पष्ट सांगतात: लहान बास काढा आणि खा. माशाची लांबी मोजून, त्या लांबीला शोभेल असे वजन भरते की नाही हे पडताळण्याचे कोष्टकच त्यांनी 1978 साली तयार केले.

आम्हाला कोष्टक नको. साधा तराजू पुरे. बीज सोडण्याआधी प्रत्येक जातीचे पंचवीस मासे काढा, लांबी मोजा, तोला आणि वहीत लिहा. रोडावलेले दिसले, तर नवे बीज सोडू नका. आधी बारकी चिलापी जाळ्याने उपसून काढा. मरळ आणून सोडा आणि तिची वीण होईपर्यंत तिला हात लावू नका. ती पुरेशी झाल्यावर मग रोहू-कटल्याची बोटुकली सोडा, तीही मरळीच्या तोंडात मावणार नाहीत एवढी वाढवून.

"पण जीव सोडणे पुण्याचे ना?" असे घरची माणसे विचारतात. बाईसाहेब, दहा पाहुण्यांच्या स्वयंपाकाला शंभर जणांना जेवायला बोलावणे, ह्याला आपण पुण्य म्हणत नाही.

माझ्या वर्गात हजेरीपटावर सत्तर नावे आहेत. पट भरला की वरचे खूश होतात; कोणत्या पोराचे पोट खपाटीला गेले आहे, ते पटावर दिसत नाही. तळ्याचा हजेरीपटही आम्ही असाच भरीत आहो. येत्या पावसाळ्यात पुन्हा समारंभ होईल. मी जाणार आहे. हार घेऊन नव्हे, तराजू घेऊन. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. भोयाचा पोरगा वही धरायला माझ्याबरोबर येणार आहे.