सगळ्या ऑफिसला एकच पासवर्ड? आता पुरे!

बऱ्याच कार्यालयांत, पतसंस्थांत, शाळांत सर्व्हरचा पासवर्ड एकच असतो आणि तो सगळ्यांना तोंडपाठ असतो. ऑपरेटर सोडून जातो, साहेबांची बदली होते, पासवर्ड मात्र तोच. उद्या एखादी फाईल उडाली तर कुणी उडवली? लॉगमध्ये नाव एकाच 'ॲडमिन'चं. म्हणजे जबाबदार कुणीच नाही. आणि त्या फायलींत आधार, जातीचे दाखले, कर्जाचे कागद कुणाचे? तुमचे-आमचे.

उपाय जुना आहे आणि फुकट आहे. फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच बनवलं, तेच मुळी त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले म्हणून. त्याच्याच आधारावर चालणाऱ्या एसएसएचएफएसने दूरच्या सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या लिनक्स कॉम्प्युटरवर घरच्यासारखं उघडतं. मधला सगळा प्रवास कुलूपबंद. पेनड्राइव्ह नको, व्हॉट्सॲपवर फाईल नको.

पासवर्डच्या जागी किल्ल्यांची जोडी वापरायची. खाजगी किल्ली कर्मचाऱ्याच्या मशीनवर, तीही सांकेतिक वाक्याने बंद. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर. ती कुणी पाहिली तरी बिघडत नाही. प्रत्येकाला वेगळं खातं, ज्याला फक्त वाचायचंय त्याला फक्त वाचायची परवानगी. माणूस सोडून गेला की त्याच्या किल्लीची एक ओळ काढा, बाकीच्यांचं काम चालू. मग सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंदच करून टाका. अंदाजाने पासवर्ड मारत बसणाऱ्यांना दारच उरत नाही.

"आमच्या लोकांना जमणार नाही" हे कारण मला पटत नाही. डिजिटल सहीचा सातबारा आपण रोज काढतो. त्या सहीमागेही किल्ल्यांची जोडीच आहे. तिथे जमतं, मग इथे का नाही? अडचण अकलेची नाही, सवयीची आहे. एकच पासवर्ड सोयीचा असतो, कारण त्यात कुणाचंच नाव अडकत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाने गेलेली माहिती परत येत नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत, पालकसभेत एवढंच विचारा: सर्व्हरवर प्रत्येकाचं वेगळं खातं आहे का? सोडून गेलेल्यांचा प्रवेश बंद केला का? पासवर्डने लॉगिन अजून चालू आहे का?

उत्तरं काय मिळाली ते कमेंटमध्ये सांगा. पासवर्ड मात्र लिहू नका!