वाऱ्याची नोंद व बांधावरील झाडें

आमची हयात महसुली दप्तरांत गेल्यामुळें कोणताहि आंकडा समोर आला कीं, प्रथम शेऱ्याचा रकाना पाहण्याची संवय जडली आहे. कागदोपत्रीं एखादें क्षेत्र एकाएकीं घटलेलें दिसलें, तर जमीन नाहींशी झाली असें कोणी म्हणत नाहीं. फेरमोजणी झाली काय, हें आधीं पाहतात. वाऱ्याच्या आंकड्यांसहि हाच न्याय लावावा.

कॅनडांतील सस्कॅचेवान प्रांताची राजधानी रेजायना हिचें उदाहरण घ्यावें. आपल्या बाजारांत येणारी कॅनडाची मसूर बहुतांशीं याच प्रांतांत पिकते. तेव्हां तेथील वारा आपणांस अगदींच परका नव्हे. १८८२ सालीं वसलेलें हें शहर सपाट, मूळच्या वृक्षहीन माळावर आहे. ३० जून १९१२ रोजीं आलेल्या चक्री तुफानांत तेथें २८ माणसें दगावलीं. पुढें १९३० नंतरच्या अवर्षणांत, पडीत टाकलेल्या उघड्या शेतांतील माती वाऱ्यानें उडविली.

अलीकडे मात्र तिकडील वारा मंदावल्याचें सांगण्यांत येतें. येथें शेरा वाचला पाहिजे. जुन्या काळीं वेगमापक यंत्रें छपरांवर, निरनिराळ्या उंचीवर असत. नंतर तीं १० मीटर उंच खांबांवर आलीं. मोकळ्या माळावर २० मीटरवर मोजलेला वारा १० मीटरवर मोजल्यास सुमारें दशांशानें कमी भरतो. हा फरक दुरुस्त करून संशोधकांनीं १९५३ ते २००६ पर्यंतच्या नोंदी तपासल्या, तरीहि पश्चिम कॅनडांत वेग घटलेलाच आढळला. म्हणजे घट खरी होती. परंतु ती कायमची, असें समजण्यास आधार नाहीं. जगांतील भूभागांच्या सरासरींत १९८० च्या सुमारापासून उतरत गेलेला वेग २०१० नंतर पुन्हां चढूं लागला, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसतें. समुद्र व वातावरण यांच्या दीर्घ फेऱ्यांचा यांत मोठा हात असावा.

हा विचार केवळ पंडितांचा नाहीं. सस्कॅचेवान व शेजारील प्रांतांत १९०१ ते २०१३ पर्यंत सरकारी योजनेनें वाराआड पट्ट्यांसाठीं सुमारें ६० कोटी रोपें वांटलीं. रेजायनाच्या पूर्वेस इंडियन हेड येथें तिची मुख्य रोपवाटिका होती. आज मोठमोठ्या यंत्रांस वळावयास अडचण होते म्हणून तेच पट्टे कित्येक ठिकाणीं उपटले जात आहेत. नांगरट सोडून धसकटें राखलीं कीं माती टिकते, असें तिकडील शेतकरी म्हणतात, व तें बव्हंशीं खरें आहे. परंतु दुष्काळांत पीकच विरळ आलें, तर धसकटें तरी दाट कोठून राहणार? झाडांची रांग आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत पिकास आडोसा देते, व हिंवाळ्यांत बर्फ अडवून शेतांत ओल राखते.

आपल्याकडेहि ट्रॅक्टर फिरविण्यास अडते म्हणून बांधावरील बाभूळ व निंब तोडले जात आहेत. चार वर्षें वारा बेताचा वाहिला, एवढ्यावरून कुऱ्हाड उचलूं नये. झाड एका सकाळींत पडतें. तें पुन्हां उभें राहण्यास पंचवीस वर्षें लागतात, आणि तेवढ्या अवधींत वारा काय करील याची हमी कोणत्याहि दप्तरांत लिहिलेली नाहीं. सभासद बंधूंनीं याचा विचार करावा.